‘किती जाड झालीस!’ याला उत्तर काय द्यायचं?

(पाथर्डी येथे युवक-युवती आणि पालकांसमोर केलेल्या भाषणाचा संपादित मजकूर)

मित्र-मैत्रिणींनो, आणि मागे बसलेल्या माझ्या खाला, चाची, मावश्यांनो,

मी इथलीच. शाळा पाथर्डीत झाली, इंजिनिअरिंग पुण्यात. 2018 साली सॉफ्टवेअरच्या नोकरीसाठी जपानला गेले. आज मी 36 वर्षांची आहे. परदेशातल्या नोकरीबद्दल बोला, असं मला सांगितलं होतं. व्हिसा, पगार, भाषा यावर नंतर प्रश्नोत्तरांत बोलूच. पण परदेशी गेल्यावर मला ज्याची तयारी नव्हती, अशी एक गोष्ट आधी सांगते.

परवा मी एसटीतून उतरले. स्टँडपासून घरापर्यंत पोचेस्तोवर चार जण भेटले. पहिला म्हणाला, “जपानचं पाणी मानवलं तुला!” दुसऱ्या ओळखीच्या बाई म्हणाल्या, “अंगानं सुटलीस गं.” घरात पाऊल टाकलं तर खाला म्हणाली, “कित्ती मोटी हुई तू!” कशी आहेस, हे चौघांपैकी एकानेही विचारलं नाही.

तुम्ही हसताय, कारण प्रत्येकाने हे ऐकलंय. आणि खरं सांगा, आपण प्रत्येकाने ते कुणाला तरी म्हटलंही आहे.

जपानी माणूस फार अदबशीर, असं आपण ऐकतो. ते खरंही आहे. पण दुसऱ्या वर्षी लिफ्टमध्ये एका सहकाऱ्याने मला सहज विचारलं, “फुतोत्ता?” म्हणजे, वजन वाढलं का? त्याच्या आवाजात खोट नव्हती. आपण ‘पाऊस पडला का’ विचारतो, तसं त्याने विचारलं. मी हसले आणि स्वच्छतागृहात जाऊन रडले. गेले तेव्हा माझं वजन 51 किलो होतं, तेव्हा 58 झालं होतं. भारतातल्या टीमबरोबर रात्री उशिरापर्यंत मीटिंग, जेवण म्हणजे दुकानातला तयार भात नाहीतर पाव, झोप पाच तास. त्यात सुटीच्या दिवशी घरून व्हिडिओ कॉल, आणि कॅमेरा चालू केला की पहिलं वाक्य वजनावर. शेवटी मी कॅमेरा बंद ठेवायला लागले. अम्मीला सांगायचे, नेट बरोबर नाही. अम्मीने आठ-नऊ महिने माझा चेहरा पाहिला नाही.

पण खरं नुकसान वेगळंच झालं. जपानमध्ये कंपनीला दरवर्षी कर्मचाऱ्यांची आरोग्य तपासणी करावीच लागते, तसा कायदाच आहे. निकाल बंद लिफाफ्यात हातात येतो. माझा लिफाफा मी दोन वर्षं फोडलाच नाही. आत काय असणार? पुन्हा वजनच. बाहेर लोक बोलतात तेवढं पुरे, कागदाचं बोलणं कशाला ऐकायचं, म्हणून ड्रॉवरमध्ये टाकून दिला.

35 व्या वर्षीच्या तपासणीनंतर कंपनीच्या आरोग्य-सेविकेने मला बोलावलं. मी मनाची तयारी करून गेले की आता ही पण बोलणार. तिने पहिला प्रश्न विचारला, “किती तास झोपता?” दुसरा, “घरात आईवडिलांना मधुमेह आहे का?” वजनाचा शब्दही नाही. मग तिने कागद माझ्याकडे फिरवला आणि एका आकड्यावर बोट ठेवलं. एचबीएवनसी, म्हणजे मागच्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी साखर दाखवणारी तपासणी. माझा आकडा 6.2 होता. 6.5 पासून पुढे मधुमेह धरतात, 5.7 ते 6.4 ही त्याच्या उंबरठ्यावरची पायरी. घरी येऊन ड्रॉवरमधले दोन्ही लिफाफे फोडले. आदल्या वर्षी 6.0, त्याआधी 5.8. कागद दोन वर्षं मला सावध करत होता, आणि मी लाजेपायी तो उघडला नव्हता.

आता अब्बांचं सांगते. माझे अब्बा आयुष्यभर सडपातळ. सगळे त्यांचं कौतुक करायचे, “बघा, साठीला आले तरी पोट नाही.” बारीक माणसाला कसली शुगर, म्हणून कुणी कधी तपासलंच नाही. पायाची जखम तीन महिने भरेना, तेव्हा रक्त तपासलं. साखर जेवणाआधीच 280 निघाली. दोन बोटं काढावी लागली.

म्हणजे एकाच घरात मला ‘जाड’ म्हणून टोमणे मिळाले आणि अब्बांना ‘बारीक’ म्हणून शाबासकी. दोघांच्या रक्तात एकच गोष्ट चालली होती. टोमण्यामुळे मी तपासणीपासून पळाले, शाबासकीमुळे अब्बा तपासणीला गेलेच नाहीत. आज मला एवढंच सांगायचं आहे की नजरेनं केलेलं मोजमाप दोन्हीकडून फसवतं.

हे फक्त आमच्या घरचं नाही. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलमधले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी यावर आयुष्यभर काम केलं आहे. 2004 साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात त्यांचा आणि इंग्लंडमधले डॉ. जॉन युडकिन यांचा एक फोटो छापून आला. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या हिशेबात वजन, अगदी एकच, 22.3. शरीरातली चरबी मोजली तर युडकिन यांची 9.1 टक्के आणि याज्ञिक यांची 21.2 टक्के. वजनकाट्यावर सारखे, आतून दुपटीपेक्षा जास्त फरक. पुण्याजवळच्या खेड्यांतल्या नवजात बाळांचाही त्यांच्या गटाने अभ्यास केला. आपलं बाळ सरासरी 2.7 किलोचं, इंग्लंडचं 3.5 किलोचं. बाळ लहान, स्नायू कमी, पण चरबी मात्र तितकीशी कमी नाही. वरून बारीक, आतून चरबीचं.

याचं एक कारण पिढ्यान्पिढ्यांच्या उपासमारीत आणि आयांच्या अर्धपोटी राहण्यात शोधलं जातं. ते आपल्या तालुक्याला समजावून सांगायला नको. माझी दादी 1972 च्या दुष्काळात खडी फोडायला जात होती. सुकडी आणि लाल मिलोवर दिवस काढले तिने. आजही दसरा-दिवाळीच्या सुमारास इथून कोयता घेऊन ऊसतोडीला गाड्या निघतात. अशा भागात ‘अंगानं भरलीस’ म्हणजे ‘तुला पोटभर मिळतंय, बरं झालं.’ दादी हे म्हणते तेव्हा तो आशीर्वाद असतो. तेच वाक्य लग्न जमवणारा म्हणतो तेव्हा ती किंमत असते. शब्द एकच असला तरी तो कुणाच्या तोंडून आणि कशासाठी आला, हे ओळखायला शिका. सगळ्यांवर सारखं चिडायचं कारण नाही, सगळ्यांचं सारखं ऐकायचंही कारण नाही.

आकड्यांचंही असंच आहे. जपानने 2008 पासून 40 ते 74 वयाच्या लोकांची कंबर मोजायला सुरुवात केली. त्यांची मर्यादा पुरुषांना 85 सेंटिमीटर, बायकांना 90. आपल्याकडे डॉक्टर उलट धरतात, पुरुषांना 90, बायकांना 80. माझी कंबर तेव्हा 84 होती. जपानच्या रेषेत मी पास, भारताच्या रेषेत नापास. बीएमआय 24.8 होता. जपानमध्ये 25 च्या आत म्हणजे ठीक, आपल्याकडे 23 च्या वर गेलं की सावध व्हायचं. शास्त्राच्या रेषासुद्धा शरीराची ठेवण आणि आजाराचा धोका बघून ठरतात. मग एसटी स्टँडवरच्या माणसाने एका नजरेत ठरवलेली रेष आपण इतकी मनाला का लावून घ्यावी?

आणि सारख्या बारीकपणाच्या कौतुकाचं काय होतं, तेही मी तिथे पाहिलं. जपानमध्ये विशीतल्या साधारण पाच बायकांमागे एक गरजेपेक्षा कमी वजनाची आहे. तिथल्या सरकारला त्याचीही चिंता आहे. आपल्याकडे 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात 18.7 टक्के बायका कमी वजनाच्या आणि 24 टक्के जास्त वजनाच्या निघाल्या. दोन्ही प्रकारच्या बायका या सभागृहातही असणार. एकीला ‘काडी’ म्हणतो, दुसरीला ‘पिंप’. दवाखान्यात मात्र दोघींनाही नेत नाही.

मग करायचं काय? मी काय केलं ते सांगते.

एक, उत्तर तयार ठेवलं. जपानीत एक छान सोय आहे. “सोनो हानाशी वा चोत्तो...” म्हणजे “तो विषय जरा...” एवढं म्हणून वाक्य अर्धंच सोडायचं. समोरचा समजतो. लिफ्टमधल्या त्या सहकाऱ्याला मी एकदाच असं म्हटलं. तो ओशाळला, आणि पुन्हा कधी त्याने विषय काढला नाही. आपल्याकडे अर्धं वाक्य चालत नाही, मधेच कुणीतरी पूर्ण करतं. म्हणून खालाला पूर्ण वाक्य म्हणते, “खाला, वजनाचं डॉक्टर बघतात. तुमचा गुडघा कसा आहे ते सांगा.” गुडघ्यावर गाडी गेली की अर्धा तास निश्चिंती.

दोन, टेप घेतला. शिंप्याकडे असतो तो साधा टेप. महिन्यातून एकदा कंबर मोजते, वर्षातून दोनदा एचबीएवनसी करते. रात्रीच्या मीटिंगा दोनवर आणल्या, झोप सात तासांवर नेली, ऑफिसात एक स्टेशन अलीकडे उतरून चालत जाते. मागच्या तपासणीत 5.6 आलं. वजन फक्त तीन किलो उतरलंय. म्हणून परवा चौघांना मी ‘सुटलेलीच’ दिसले, आणि कागदावर मी सुधारले आहे.

तीन, अम्मीसमोर कॅमेरा चालू केला आणि तिला सगळं सांगितलं. आता ती पहिलं वाक्य विचारते, “नींद हुई क्या?” त्या आरोग्य-सेविकेचाच प्रश्न.

तुमच्याकडे माझं मागणं फार नाही. ईदला, लग्नात, सुटीत माणसं घरी येतील. विशेषतः चौदा-पंधरा वर्षांच्या मुली येतील. त्यांच्या अंगावर बोलण्याआधी झोप विचारा, शाळा विचारा. आणि घरातलं जे माणूस ‘काटक आहे, याला काय होतंय’ म्हणून आजवर तपासलं नाही, त्याला या महिन्यात दवाखान्यात घेऊन जा. बोट टोचायला एक मिनिट लागतं. अब्बांना ते एक मिनिट पाच वर्षं आधी मिळालं असतं, तर आज ते चप्पल घालून या सभागृहात चालत आले असते.

आता विचारा, व्हिसाबद्दल काय विचारायचं ते.