खड्ड्यात गेली गाडी, खर्च कोणाचा?

लोकलमध्ये असाल तर इअरफोन नीट लावा, आणि बाइकवर असाल तर आधी काढा, घरी जाऊन ऐका. कारण आजचा विषय रस्त्यावरचाच आहे: खड्डे.

प्रश्न सरळ आहे. अंधेरी असो, बोरिवली असो की मुलुंड, खड्ड्यात चाक आपटलं, रिम वाकली, शॉकअप गेला, गॅरेजवाल्याने चार हजारांचं बिल हातात ठेवलं. हे पैसे महापालिकेकडून मिळतात का?

आधी कोर्टाने काय म्हटलंय ते बघू. २०१३ मध्ये न्यायमूर्ती गौतम पटेल यांनी खड्ड्यांबद्दल मुख्य न्यायमूर्तींना पत्र लिहिलं आणि मुंबई उच्च न्यायालयाने त्याचीच जनहित याचिका केली. त्याच याचिकेत १३ ऑक्टोबर २०२५ ला न्यायमूर्ती रेवती मोहिते-डेरे आणि संदेश पाटील यांच्या खंडपीठाने निकाल दिला. खड्डा किंवा उघड्या मॅनहोलमुळे मृत्यू झाला तर वारसांना ६ लाख रुपये. जखमी झालात तर दुखापत किती त्यानुसार ५० हजार ते अडीच लाख. सुरक्षित रस्ता हा घटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, असं कोर्ट म्हणतं.

भरपाई ठरवायला समिती आहे. महापालिकेच्या हद्दीत त्यात आयुक्त आणि जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे सचिव असतात. अपघाताची माहिती पोलिसांनी ४८ तासांत समितीला द्यायची. दावा केल्यापासून सहा ते आठ आठवड्यांत पैसे मिळाले नाहीत, तर वर ९ टक्के व्याज. आणि हे पैसे नंतर जबाबदार अधिकारी किंवा कंत्राटदाराकडून वसूल करायचे. म्हणजे भार शेवटी करदात्यावर पडू नये, असा हिशोब आहे.

आता मेख कुठे आहे? हा निकाल माणसाच्या मृत्यूबद्दल आणि दुखापतीबद्दल आहे. वाकलेल्या रिमबद्दल नाही. त्यामुळे ‘खड्ड्यात टायर फुटला की ५० हजार मिळतात’ असा फॉरवर्ड आला तर पुढे पाठवू नका.

मग गाडीचं काय? दोन वाटा आहेत.

पहिली, इन्शुरन्स. फक्त थर्ड पार्टी असेल तर काही मिळणार नाही, ओन डॅमेज कव्हर लागतं. त्यातही क्लेम घेतला की नो क्लेम बोनस जातो, आणि तो पाच वर्षांत ५० टक्क्यांपर्यंत गेलेला असतो. छोट्या बिलासाठी क्लेम करण्याआधी गणित करा.

दुसरी, थेट महापालिकेवर दावा. सार्वजनिक रस्ते नीट ठेवणं हे १८८८ च्या मुंबई महानगरपालिका कायद्याप्रमाणे पालिकेचं बंधनकारक काम आहे. पण त्याच कायद्याचं कलम ५२७ सांगतं की आधी लेखी नोटीस द्या, एक महिना थांबा, मग कोर्टात जा. आणि घटनेपासून सहा महिन्यांच्या आत दावा दाखल करा. ‘पावसाळा संपू दे, मग बघू’ म्हणत बसलात तर मुदत निघून जाते. आणि खरं सांगायचं तर चार हजारांसाठी कोर्टाच्या तारखा परवडत नाहीत. मोठं नुकसान असेल तर वकिलाशी बोला.

नोटीस कोणाला द्यायची, हेही बघा. वेस्टर्न आणि ईस्टर्न एक्सप्रेस हायवे २०२२ च्या शेवटी एमएमआरडीएकडून पालिकेकडे आले. मेट्रोचं काम चालू असलेला पट्टा मात्र वेगळ्या यंत्रणेच्या ताब्यात असू शकतो. नक्की कळत नसेल तर दहा रुपयांचा आरटीआय टाका: रस्ता कोणाचा, कंत्राटदार कोण, दोष दायित्व कालावधी कधीपर्यंत. ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं.

आमच्या फील्डमध्ये लॉग नसलेल्या बगला कोणी विचारत नाही. इथेही तसंच आहे. सुरक्षित जागी थांबून खड्ड्याचा फोटो काढा, लोकेशन चालू ठेवून. आजूबाजूचं दुकान किंवा खांब फ्रेममध्ये येऊ द्या. गॅरेजचं पक्कं बिल घ्या. लागलं असेल तर त्याच दिवशी डॉक्टरकडे जा, ‘खड्ड्यात पडून’ असं केसपेपरवर लिहून घ्या आणि पोलीस ठाण्यात नोंद करा. आपल्याकडे लोक उठतात, कपडे झटकतात आणि ऑफिसला जातात. मग महिन्याभराने हात प्लास्टरमध्ये असतो आणि कागद एकही नसतो.

शेवटचा मुद्दा, आणि मला हाच सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. खड्डा पालिकेला आधीच माहीत होता हे दाखवता आलं, तर दाव्याला बळ मिळतं. हे सिद्ध कशाने होतं? आधी कोणीतरी केलेल्या तक्रारीने. कोर्ट म्हणतं, खड्डा कळवल्यावर ४८ तासांत बुजवा.

मरोळचे दादाराव बिल्होरे तुम्हाला माहीत असतील. २०१५ मध्ये जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोडवर खड्ड्यामुळे त्यांचा सोळा वर्षांचा मुलगा गेला, आणि त्यानंतर ते स्वतः शहरातले खड्डे बुजवू लागले. आपण फावडं नाही घेतलं तरी १९१६ ला फोन करून तक्रार क्रमांक तर घेऊ शकतो. तुमची गाडी वाचली असेल, पण मागून येणारा कोणी पडला तर तो क्रमांक त्याच्या कामी येईल.

तेव्हा तुमच्या गल्लीतला खड्डा आजच नोंदवा. भेटू पुढच्या भागात. हेल्मेट घाला, सांभाळून चालवा!