चोपडीत नसलेली नावं

(शताब्दी सोहळ्यातील कृतज्ञता सभेत केलेले भाषण)



 

दिंडीला शंभर वर्षं झाली. सकाळी दिवंगत मंडळींच्या तसबिरींना हार घातले, डोळे भरून आले. या माणसांना आपण मोठं का म्हणतो, याचा आज थोडा विचार करू.

पंढरीचा देव विटेवर उभा राहिला तो कोणासाठी? पुंडलिकासाठी. देव दारात आला तेव्हा पुंडलिक आईवडिलांची सेवा करत होता. त्यानं हातातली सेवा सोडली नाही, देवाला उभं राहायला वीट दिली. देव रागावला नाही, उभाच राहिला. चंद्रभागेत स्नान झालं की आपण आधी पुंडलिकाचं दर्शन घेतो, मग विठुरायाचं. घरच्या सेवेचा मान आपल्या पंथात इतका मोठा आहे.

तुकोबाराय भंडारा डोंगरावर नामस्मरणात रमायचे. उन्हातान्हात भाकरी घेऊन तो डोंगर चढायची ती जिजाई. ती देवाला बोल लावायची, हे सांगून कीर्तनात आपण हसतो. पण दुष्काळानं मोडलेलं घर, पदरात पोरं, आणि तरीही तिनं भाकरी चुकवली नाही. ही भक्ती कुठल्या मापानं मोजायची?

गाडगेबाबा घ्या. 1876 साली अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावी परिटाच्या घरी जन्म. हातात खराटा, डोक्यावर गाडगं. वारीला लाखो लोक देवळाकडं धावायचे, बाबा वाळवंट झाडायचे. पंढरपूर, आळंदी, देहू, नाशिक इथं धर्मशाळा उभ्या केल्या, पण स्वतःच्या बायकापोरांना त्यांत वाटा ठेवला नाही. पंढरपुरातली चोखामेळा धर्मशाळा तर त्यांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या शिक्षणसंस्थेच्या हवाली केली. 20 डिसेंबर 1956 ला बाबा गेले. त्यांचं नाव राहिलं ते खराट्यामुळं.

आता आपल्या दिंडीकडं येऊ. आपल्या जुन्या चोपडीत भिशी भरलेल्यांची नावं आहेत. विणेकऱ्यांची आहेत, चोपदारांची आहेत. ती वाचताना ऊर भरून येतो. पण पानं उलटत गेलं की ध्यानात येतं, यात बाईमाणसाचं नाव जवळजवळ नाहीच.

मग पहाटे काकड्याच्या आधी उठून चूल कोण पेटवत होतं? दिवेघाट चढून आल्यावर, पाय भरून आलेले असताना, दोनशे माणसांचं पिठलं कोण ढवळत होतं? पावसात राहुटी गळत असताना म्हाताऱ्यांच्या अंगावर स्वतःची घोंगडी कोण घालत होतं?

आणि जी वारीला आलीच नाहीत त्यांचं काय? माउलींची पालखी आळंदीहून हलते ती ज्येष्ठ वद्य अष्टमीला. हेच दिवस पेरणीचे. घरातला एक माणूस खांद्यावर पताका टाकून निघतो, तेव्हा मागं राहिलेला भाऊ दोघांचं औत हाकतो. सून जनावरांचं बघते. म्हातारी आई दारात बसून रोज म्हणते, "आज माउली वाल्ह्याला असतील, उद्या लोणंदला." तिचीही वारीच चाललेली असते.

तळावरची समाजआरती तुम्ही सगळ्यांनी पाहिली आहे. चोपदारांनी चोप वर केला की सगळे टाळ थांबतात. ज्या दिंडीची तक्रार असेल, तीच टाळ वाजवत राहते, आणि तिचं गाऱ्हाणं ऐकून घेतलं जातं. माउली, या माणसांनी शंभर वर्षांत कधी टाळ वाजवून तक्रार केली नाही. म्हणून आपल्याला ती ऐकू आली नाही.

आज आपल्यापुढं प्रश्न उभा आहे. स्वयंपाकाला माणसं मिळत नाहीत, म्हणून यंदापासून आचारी लावावा असं मंडळात चाललं आहे. माझा त्याला विरोध नाही. बायामाणसांनी जन्मभर चुलीपुढंच बसावं आणि आपण टाळ कुटावा, हा कुठला न्याय? पण पैसे देऊन सगळीच सेवा विकत घेतली, तर पुढच्या पोरांना सेवा म्हणजे काय हे कुठं कळायचं?

म्हणून तीन गोष्टी मागतो. पहिली, प्रत्येक घरानं आपल्या आजीचं, पणजीचं, मागं राहून घर राखणाऱ्याचं नाव शोधून द्यावं. चोपडीत नवं पान घालू. दुसरी, आचारी आला तरी पंगतीत वाढायचं, खरकटं उचलायचं आणि तळ सोडताना जागा झाडायचं काम पाळीपाळीनं सगळ्यांनी करावं. त्यात विणेकरीही आले, मीही आलो. तिसरी, वारीला गेलेल्याच्या शेतावर दिंडीच्या नावानं गावानं एक दिवस राबावं.

तसबिरीचा हार चार दिवसांत सुकतो. गेलेल्या माणसाच्या हातातलं काम आपल्या हातात आलं, तर ते माणूस दिंडीत चालतच राहतं.

आपण सारे माझे मायबाप आहात. बोलण्यात काही उणं-अधिक झालं असेल तर पदरात घ्या.

पुंडलिक वरदे हरी विठ्ठल! श्री ज्ञानदेव तुकाराम! पंढरीनाथ महाराज की जय!