वाचनखूण आणि आपलं कपाट
(रौप्यमहोत्सवी समारंभात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मला ‘माझा छंद’ यावर पाच मिनिटं बोलायला सांगितलं आहे. छंद लहानसाच आहे: घरी जलरंगात वाचनखुणा, म्हणजे बुकमार्क रंगवणं. पण त्या निमित्तानं मला क्लब हॉलमधल्या पुस्तकांच्या कपाटाबद्दलही बोलायचं आहे. ते रद्दीत काढावं, ही सूचना येत्या वार्षिक सभेपुढे आहे, हे आपण जाणताच.

आधी कृती सांगते. कागद ३०० जीएसएमचा घ्यावा. शाळेच्या ड्रॉइंग वहीचा कागद पाणी लागलं की फुगतो आणि लाटा धरतो. ए-फोर कागदातून ५ सेंटिमीटर रुंद आणि साडेचौदा सेंटिमीटर लांब अशा ८ पट्ट्या निघतात. कागद पाटाला चारही बाजूंनी चिकटपट्टीनं बसवायचा, पेन्सिलीनं हलक्या रेघा मारायच्या. ब्रश दोनच पुरे, ६ नंबरचा आणि २ नंबरचा. आधी फिके रंग, मग गडद. पांढरा रंग लागतच नाही. कोरा सोडलेला कागद हाच पांढरा.

विषय शोधायला लांब जायला नको. पळसाचं फूल घ्या. पाकळीवर आधी पिवळा लावायचा आणि तो ओला असतानाच टोकाला थोडा लाल सोडायचा. दोन्ही आपोआप मिसळून केशरी होतात. नंतर काळपट देठ. धानाची बांधी, तळ्यातला शिंगाडा, वैनगंगेची संध्याकाळ, सगळं मावतं. आणि सारस! करडं अंग, लाल डोकं, लांब पाय; उभ्या पट्टीसाठीच जणू हा पक्षी घडवला आहे. महाराष्ट्रात आता तो मुख्यतः गोंदिया-भंडाऱ्याच्या पट्ट्यातच उरला आहे, आणि तोही मोजकाच. ज्या पोरानं त्याची मान तीनदा खोडून काढली, ते पोर सारसाला विसरणार नाही.

आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५च्या घरात जातो, तेव्हा रंग पसरायच्या आतच वाळतो. म्हणून सकाळी सातला बसावं. पावसाळ्यात उलट, दोन दिवस वाळू द्यावं. मग पट्ट्या कापून, बटर पेपरमध्ये ठेवून जाड पुस्तकाखाली रात्रभर दाबाव्या. वरच्या टोकाला भोक पाडून कोशाचा धागा ओवावा. तो आपल्याच जिल्ह्यात मिळतो, आणि त्याचा मधासारखा रंग कुठल्याही चित्राला शोभतो.

आता कपाट. गेल्या उन्हाळ्यात सोसायटीतली सात मुलं माझ्याकडे रंगवायला येत होती. अट एकच: आपली खूण कपाटातल्या एका पुस्तकात ठेवायची, आणि ती कोणत्या पानावर शोभेल हे पुस्तक चाळून ठरवायचं. चाळता चाळता काही मुलांनी पुस्तक घरी नेलं. सगळ्यांनी नेलं नाही, हेही खरं.

वाचनखूण मोठी प्रामाणिक असते. वाचणारा कुठे थांबला, ते ती लपवत नाही. आपल्या बी विंगमधले एक काकाजी मागच्या वर्षी गेले. त्यांनी नेलेलं पुस्तक घरच्यांनी परत आणून दिलं, तेव्हा खूण १४२व्या पानावर होती. मी ती हलवली नाही. दिवाळीच्या सुट्टीत त्यांची नात आली, पुस्तक उघडलं, आणि म्हणाली, “आजी, मी इथूनच पुढे वाचू का?” मी म्हटलं, “वाच की. सुरुवात नंतर वाच.”

मंडळींनो, जागेची अडचण मला समजते. टेबल टेनिसचं टेबल हवं, ही मुलांची मागणीही रास्तच आहे. कपाट जिन्याखाली सरकवता येईल. मापं घेतली आहेत, बसतं. वाळवी लागलेली पुस्तकं खुशाल काढा. पण पंचवीस वर्षांत घरोघरून आलेली बाकीची पुस्तकं किलोच्या भावानं देऊ नका, एवढीच विनंती.

दर रविवारी सकाळी माझं दार उघडं असतं. रंग, कागद माझे. येताना हात पुसायला जुनं फडकं तेवढं आणा.