दारापुढील मोटारीची फी

लंडनच्या उत्तरेस बार्नेट नांवाचा एक विभाग आहे. तेथील कौन्सिलानें २०११ सालीं रहिवाशांच्या मोटार-परवान्याची वार्षिक फी ४० पौंडांवरून एकदम १०० पौंडांवर नेली; आणि घरीं येणाऱ्या पाहुण्याच्या गाडीसाठीं जी चिठ्ठी विकत घ्यावी लागे, तिची किंमत एका पौंडावरून चार पौंड केली. आपल्याच दारांत गाडी उभी करावयाची आणि तिच्यासाठीं अडीचपट पैसे मोजावयाचे, यानें लोक संतापले यांत नवल नाहीं.

मुळांत हा परवाना आला कोठून? लंडनच्या उपनगरांतील बरींच घरें मोटारी थोड्या असतांनाच बांधलेलीं. त्यांना गाडीखाना नाहीं. गाडी रस्त्यावरच राहावयाची. त्यांत स्टेशनाजवळच्या गल्ल्यांत दुसऱ्या भागांतले नोकरदार सकाळींच येऊन आपल्या गाड्या ठेवतात आणि आगगाडीनें कचेरीस जातात. रहिवाशाला संध्याकाळपर्यंत जागा मिळत नाहीं. त्याच्यासाठीं ती राखून ठेवावयाची म्हणजे पट्टे आंखणें, पाट्या लावणें, परवाने देणें आणि नियम मोडणाराला दंड करावयास माणसें फिरविणें आलें. हा खर्च जागा वापरणारांनीं द्यावा, हें वाजवी आहे. भांडण पुढेंच आहे: खर्चाहून अधिक घ्यावें कीं नाहीं?

कौन्सिलाच्या बाजूनें बोलावयाचें तर शंभर पौंड म्हणजे दिवसाला सुमारें २७ पेन्स. एका मोटारीला दहा-बारा चौरस मीटर जागा लागते. लंडनमध्यें तेवढी खोली कोणी भाड्यानें घेऊं म्हणेल, तर शंभर पौंडांत त्याचा महिनाहि निघणार नाहीं. शिवाय रस्ता कांहीं मोटारवाल्यांना आंदण दिलेला नाहीं. २०११ च्या शिरगणतींत लंडनमधील दर पांच कुटुंबांपैकीं सुमारें दोहोंजवळ मोटार नव्हती. त्यांचाहि त्या रस्त्यावर तितकाच हक्क. जपानांत तर १९६२ पासूनचा कायदा असा कीं, रस्त्याबाहेर गाडी ठेवावयास जागा असल्याचें पोलिसांचें प्रमाणपत्र मिळाल्यावांचून बहुतेक शहरांत गाडी नोंदवितांच येत नाहीं.

तरीहि खटला कौन्सिलच हरलें. एका रहिवाशानें हायकोर्टांत दाद मागितली, आणि जुलै २०१३ मध्यें न्यायमूर्ति श्रीमती लँग यांनीं ही वाढ बेकायदेशीर ठरविली. ज्या १९८४ च्या कायद्यान्वयें फी घेतली जाते, तो वाहतूक सुरळीत चालावी व गाड्यांना पुरेशी जागा मिळावी यासाठीं आहे. तो कर बसविण्याचा कायदा नव्हे. फी घेतां घेतां शिल्लक उरली, तर ती कोणत्या कामीं लावावी हें त्यांत सांगितलें आहे. परंतु शिल्लक उरावी याच हेतूनें फी ठरविण्याची मुभा नाहीं. बार्नेटच्या कौन्सिलाचा हेतु तर नेमका तोच होता. वाहतुकीवरील इतर खर्च भागविण्यास त्याला पैसा पाहिजे होता, आणि रस्त्यांची दुरुस्ती हा त्यांतलाच एक खर्च.

हा निकाल योग्यच म्हटला पाहिजे. रस्त्यांची दुरुस्ती सर्वांसाठीं. मग तिचा बोजा ज्यांच्या गल्लींत योगायोगानें परवान्याची पद्धत आहे, तेवढ्यांवरच कां? पलीकडच्या गल्लींत तीच मोटार फुकट उभी राहते. कर वाढवावयाचा तर तो मतदारांपुढें उघडपणें वाढवावा. फीच्या पदराआड लपवूं नये. मात्र शंभर पौंड जास्त होते असें यावरून ठरत नाहीं, हेंहि ध्यानांत घेतलें पाहिजे. कोर्टानें हेतु पाहिला, जागेचें मोल ठरविलें नाहीं.

तें मोल ठरविण्याची रीत अमेरिकन अध्यापक डोनाल्ड शूप यांनीं २००५ सालच्या आपल्या ग्रंथांत मांडली होती. दर रस्त्यावर एकदोन जागा नेहमीं मोकळ्या राहतील इतपत भाव असावा, आणि आलेला पैसा त्याच वस्तींत खर्चावा. व्यापारी पेठेला हें चांगलें लागू पडतें. राहत्या वस्तींत मात्र जरा हात आंखडावा लागतो. कारण श्रीमंताला शंभर पौंड जाणवत नाहींत, पेन्शनरला जाणवतात. पहिल्या गाडीला खर्चापुरती फी आणि दुसरी-तिसरी ठेवणाराला चढती, अशी वाटणी पुष्कळांना पटेल. पाहुण्याच्या चिठ्ठीला तरी हात लावावयास नको होता. आजारी आईच्या समाचारास आठवड्यांतून तीनदां येणाऱ्या मुलीला चार पौंडांप्रमाणें वर्षाला सहाशेंहून अधिक पौंड पडतात. म्हणजे त्या रस्त्यावर रोज गाडी ठेवणाऱ्या शेजाऱ्याच्या सहापट.