माझा नेमबाजीचा पहिला धडा

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



दरवर्षी या दिवशी मी स्वयंपाकाच्या बाजूला असते. शंभर पानांना मसालेभात किती लागेल, हे मला कोणीही विचारावे. पण चार शब्द बोल, असे आजवर मला कोणी म्हटले नव्हते, आणि म्हटले नाही याचे मला सुखच होते. यंदा चिटणीसबाईंनी बजावून सांगितले, "तू बंदूक चालवायला गेली होतीस, ते सगळ्यांना सांग." मी सातवी पास बाई. भाषण मला येत नाही. जे पाहिले आणि जे केले ते सांगते. कमीजास्त झाले तर सांभाळून घ्या.

प्रथम हे कशामुळे घडले ते सांगायला हवे. माझी धाकटी मुलगी नववीत असताना शाळेतून एन.सी.सी.त गेली. शिबिरात तिला बंदूक चालवायला मिळाली आणि घरी आली ती ध्यास घेऊनच. "आई, मला रेंजवर नाव घालायचं आहे." रेंज म्हणजे नेमबाजी शिकण्याची जागा. आपल्या कोल्हापूरच्या मुलांना हे वेड लागावे यात नवल नाही. इथल्याच तेजस्विनी सावंत २०१० साली म्युनिकला जगज्जेत्या झाल्या. इथल्याच राही सरनोबत यांनी २०१८ साली जकार्ता-पालेंबांगच्या आशियाई स्पर्धेत पिस्तुलाचे सुवर्णपदक घेतले. त्या स्पर्धेत नेमबाजीचे सुवर्ण मिळवणारी ती पहिलीच भारतीय स्त्री. आणि १ ऑगस्ट २०२४ रोजी राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांनी पॅरिसच्या ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक मिळवले. १९५२ साली खाशाबा जाधवांनी कुस्तीत पदक आणले, त्यानंतर बहात्तर वर्षांनी महाराष्ट्राच्या एकट्या खेळाडूला ऑलिंपिकचे पदक मिळाले ते हेच. त्या दिवशी आमच्या गल्लीत पेढे वाटले, मीही दोन खाल्ले.

पण पेढे खाणे वेगळे आणि आपल्या घरातली मुलगी वेगळी. सासूबाई म्हणाल्या, "बंदूक म्हणजे काय खेळणं आहे? डोळा गेला तर?" नणंदबाई म्हणाल्या, "पोरीची जात, उद्या सासरी जायची. तिला काय करायची आहे बंदूक?" आमचे हे फौंड्रीत कामाला. दमून येतात. त्यांनी ऐकून घेतले आणि गप्प राहिले. आठ दिवस घरात त्या विषयाचे कोणी नावच काढले नाही. मुलगीही जेवताना खाली मान घालून जेवायची.

भगिनींनो, ही गप्प बसण्याची रीत मला चांगली ठाऊक आहे. माझ्या माहेरी गावात शाळा सातवीपर्यंतच होती. हायस्कूल पलीकडच्या मोठ्या गावात. माझा नंबर वर्गात दुसरा आला होता. मला पुढे पाठवायचे नाही, असे माझ्या वडिलांनी कधी म्हटले नाही. ते हायस्कूल कसे आहे, वाटेत सोबत कोण आहे, फी किती आहे, हे बघायला मात्र घरातले कोणी गेले नाही. जून आला, सगळे पेरणीच्या कामाला लागले आणि माझी शाळा आपोआप संपली. वडिलांवर माझा राग नाही. माणूस प्रेमळ होता. पण लेकीच्या बाबतीत तसे होऊ द्यायचे नाही, एवढे मी मनाशी ठरवले. नाही म्हणायचे असेल तर बघून नाही म्हणू. म्हणून २०२४ च्या दिवाळीनंतर एका शनिवारी मी तिला घेऊन रेंजवर गेले.

बंदुकीशी माझी ओळख जत्रेतली. फुगे फोडायची बंदूक तुम्ही सगळ्यांनी पाहिली आहे. पुरुष मंडळी फुगे फोडतात आणि आपण कडेवर मूल, हातात सगळ्यांच्या पिशव्या अशा मागे उभ्या. रेंजवरही मी तशीच पिशवी घेऊन मागे उभी राहिले. तिथले सर तरुण होते. म्हणाले, "काकू, लांबून बघून काय कळणार? नवशिक्यांचा एक तास असतो. दोनशे रुपये फी आहे. तुम्हीच करून बघा." मुलगी माझ्याकडे बघू लागली. मी विचार केला, बघायलाच आले आहे तर नीट बघावे. पदर खोचला, मंगळसूत्र आत घातले, हातातल्या बांगड्या वाजू नयेत म्हणून रुमाल बांधला आणि बसले.

पहिला अर्धा तास बंदुकीला हातच लावू दिला नाही. नुसते नियम. बंदुकीचे तोंड नेहमी निशाण्याकडे, रिकामी असली तरीसुद्धा. नेम धरेपर्यंत बोट चापाला लावायचे नाही. सर "थांबा" म्हणाले की हातातले काम अर्धे टाकून थांबायचे. कोणी पुढे गेलेले असेल तर बंदुकीला शिवायचे नाही. बंदूक खाली ठेवताना तिच्या नळीतून एक रंगीत दोरी घालून ठेवतात. दोरी दिसली की लांबूनही कळते, आत छर्रा नाही. माझ्या शेजारी बारा वर्षांची एक मुलगी होती. तिला हे नियम पाढ्यासारखे पाठ होते. एक मोठे गृहस्थ बोलता बोलता बंदूक हातात घेऊन मागे वळू लागले, तर सरांनी त्यांना सर्वांसमक्ष थांबवले आणि त्यांचा तो दिवस तिथेच संपवला. सासूबाईंच्या डोळ्याच्या प्रश्नाचे उत्तर मला तिथे मिळाले. छर्रा लहान असला तरी डोळा जाऊ शकतो, हे खरेच आहे. म्हणूनच तिथे एवढी शिस्त आहे.

आता बंदुकीचे सांगते. शिकायला देतात ती हवेची बंदूक असते. दारू नाही, धूर नाही. नळीखाली लहानसे नळकांडे असते, त्यात हवा दाबून भरलेली असते. छर्रा शिशाचा, साडेचार मिलिमीटरचा, जिऱ्याच्या दाण्याएवढा लांब म्हणा ना. आवाज "टप्" एवढाच. निशाणा दहा मीटरवर, म्हणजे सुमारे तेहेतीस फुटांवर. कागदावरचे काळे वर्तुळ दहा रुपयांच्या नाण्यापेक्षा जरासे मोठे, आणि त्याच्या मधोमध दहा गुणांचा पांढरा ठिपका, तो अर्ध्या मिलिमीटरचा! टाचणीच्या टोकाएवढा. तेहेतीस फुटांवरून तो दिसतच नाही. मी विचारले, "अहो, जे दिसत नाही त्यावर नेम धरायचा कसा?" सर म्हणाले, "काकू, ठिपका शोधू नका. गोलात गोल बसवा." मागच्या बाजूला एक बारीक भोक असते, पुढच्या टोकाला एक कडी. भोकातून कडी बघायची आणि कडीच्या बरोबर मध्ये ते काळे वर्तुळ आणायचे. कपाळावर कुंकू रेखताना आपण आरशात बघून जसे मध्य साधतो, तसेच.

इथे एक गंमत झाली. मला नुकताच चाळिशीचा चष्मा लागला आहे, नंबर एक. चष्मा लावला तर कडी स्वच्छ दिसे, पण लांबचा निशाणा पुसट. मला वाटले, आता संपले, आपले वय झाले. सर म्हणाले, "अगदी बरोबर! कडीच स्वच्छ दिसली पाहिजे. निशाणा थोडा पुसट चालतो." तरुण पोरांची नजर सारखी निशाण्याकडे पळते म्हणे, आणि ती ओढून कडीवर आणायला त्यांना महिने लागतात. चाळिशीचा कोणाला फायदा झालेला मी पहिल्यांदाच पाहिला.

मला टेबलावर उशी ठेवून बंदूक टेकवून दिली होती. मुलगी मात्र उभी राहून शिकत होती. ती बंदूक चार-पाच किलोची असते. ती नुसत्या हाताच्या जोरावर धरत नाहीत. डावे कोपर कमरेच्या हाडावर टेकवतात आणि कमर थोडी पुढे काढतात. सरांना ते मुलांना समजावताना फार बोलावे लागत होते. मला बघताक्षणी कळले. मूल कडेवर घेताना, पाण्याची कळशी कमरेवर ठेवताना आपण तेच करतो. भार हाताने उचलायचा नाही, हाडावर ठेवायचा.

मग श्वास. श्वास घ्यायचा, हळूहळू सोडायचा आणि थोडा आत राहिला असताना थांबायचे. त्या चार-पाच सेकंदांत चाप दाबायचा, तोही झटक्याने नाही. लिंबातून बी न येता रस काढावा तसा. सुईत दोरा ओवताना आपला श्वास आपोआप थांबतो, हे मला घरच्या शिलाईमुळे माहीत होते. पण सुई ओवून झाली की आपण लगेच हलतो. इथे छर्रा सुटल्यावरही क्षणभर तसेच राहायचे. उडाला म्हणून मान वर केली की नेम बिघडतो. आणि वेळ फार गेला, हात थरथरू लागला, तर न उडवता बंदूक खाली घ्यायची आणि पुन्हा सुरुवात करायची. हे मला सर्वांत अवघड गेले. घेतलेले काम अर्धे टाकायची आपल्याला सवय नसते.

मी दहा छर्रे उडवले. पहिला कागदाच्या कोपऱ्यात गेला, दुसरा काळ्याच्या बाहेर. पुढचे सगळे काळ्यात. त्यातला सगळ्यांत चांगला सात गुणांचा. मुलगी हसून म्हणाली, "आई, सातवी पास झालीस!" मीही हसले. तो कागद मी घरी आणला आहे. हळदीकुंकवाच्या वेळी ज्यांना बघायचा असेल त्यांना दाखवीन.

एक गोष्ट मनापासून सांगावीशी वाटते. घरात माझे लक्ष एका वेळी चार ठिकाणी असते. कुकरच्या शिट्या, नळाचे पाणी, दाराची बेल आणि सासूबाईंच्या गोळ्यांची वेळ. त्या तासात मी फक्त एक कडी आणि एक काळे वर्तुळ बघत होते. घराची आठवण झाली नाही, असे लग्नानंतर पहिल्यांदाच झाले असेल. मुलगी एवढी का ओढ घेते, ते मला तिने शब्दांनी शंभरदा सांगून कळले नव्हते, ते तेव्हा कळले.

पण भगिनींनो, नुसते भारावून जाऊन संसार चालत नाही. तास संपल्यावर मी सरांना कागदावर लिहून नेलेले प्रश्न विचारले. महिन्याची फी किती? स्वतःची बंदूक केव्हा लागते, किमतीला किती? स्पर्धेची चांगली बंदूक परदेशी असते आणि लाखांच्या घरात जाते. वर तो जाड अंगरखा, बूट. छर्रे पाचशेंच्या डब्यात येतात, आणि एका सामन्यात साठ उडवायचे, म्हणजे सात-आठ सामन्यांत डबा संपला. मुलींना शिकवताना जबाबदार बाई कोण असते? तास किती वाजता सुटतो? तास सातला सुटतो, आणि त्या बाजूची के.एम.टी. रात्री उशिरा-उशिराने येते. घरी सगळ्यांना काळजी बंदुकीची होती. मला मोठी काळजी त्या बसस्टॉपची वाटली. त्यावर तिथल्याच दोघी आयांशी बोलून तोड काढली. तिघी पाळीपाळीने आणायला जातो.

रात्री ह्यांच्यापुढे सगळा हिशेब मांडला. ठरले ते असे: एक वर्ष रेंजच्याच बंदुकीवर शिकायचे. फी माझ्या शिलाईतून. अभ्यास मागे पडला तर तास बंद. आणि मुलीला समोर बसवून स्पष्ट सांगितले की, तुझ्यासाठी कर्ज काढणार नाही, दागिना मोडणार नाही. वर्षाने सर काय म्हणतात ते ऐकून पुढचे बघू. तिला थोडे वाईट वाटले, पण ती कबूल झाली. ती मोठी नेमबाज होईल की नाही, ते मला सांगता येणार नाही. नणंदबाई अजून नाराज आहेत. सासूबाई मात्र शनिवारी ती घरी आली की विचारतात, "आज किती?" खंडेनवमीला त्यांनी आपल्या हाताने माझ्या शिलाईच्या मशीनशेजारी तिची छर्र्यांची डबी पूजेला मांडली.

ज्यांच्या घरी मुलगी असा काही हट्ट धरून बसली असेल, मग तो नेमबाजीचा असो, पोहण्याचा असो की परगावच्या कॉलेजचा, त्यांना माझी एकच विनंती. एक दिवस काढा आणि तिथे जाऊन या. शक्य असेल तर स्वतः करून बघा. पैसे, वेळ, सोबत, सगळे विचारा. मग हो म्हणा किंवा नाही म्हणा. बघून, कारण देऊन आईने नाही म्हटले तर मुलगी रुसेल, पण तिला विचारले गेले हे तिच्या लक्षात राहील.

रेंजवर जाणार असाल तर दोन सूचना. शेंगदाणे, चिक्की असे काही तिथे खाऊ नका. छर्रे शिशाचे असतात, घरी येऊन साबणाने हात स्वच्छ धुतल्याशिवाय तोंडात घास घालायचा नाही. आणि चाळिशीचा चष्मा असेल तर न विसरता घेऊन जा. पुढच्या महिन्यात मंडळातल्या कोणाला यायचे असेल तर नाव माझ्याकडे द्या, नवशिक्यांचा तास शनिवारी असतो. मी सोबत येईन. मलाही सातचे आठ करायचे आहेत.