दडा बसलेला कान आणि एक विषाणू



नाकाच्या पाठीमागे, पडजिभेच्या वर एक लहानशी पोकळी असते. आरशात ती दिसत नाही आणि तिथे काही बिघडलं तरी बराच काळ दुखत नाही. तिथल्या कर्करोगाला नासाग्रसनीचा कर्करोग म्हणतात. जगात तो एरवी विरळाच. पण दक्षिण चीनच्या ग्वांगडोंग प्रांतात आणि हाँगकाँगमध्ये त्यानं अनेक कुटुंबं पोळली आहेत. आपल्या देशात नागालँडमध्ये तो इतर राज्यांपेक्षा बराच जास्त आढळतो.

या रोगामागे एक विषाणू आहे, एप्स्टाइन-बार. अँथनी एप्स्टाइन, इव्हॉन बार आणि बर्ट अचाँग यांनी १९६४ साली लंडनमध्ये त्याचा शोध जाहीर केला. तो लाळेतून पसरतो. शंभरातल्या नव्वदांहून अधिक प्रौढांच्या शरीरात तो जन्मभर निपचित पडून असतो. तुमच्या-माझ्याही असेल. म्हणून घाबरायचं कारण नाही. एकटा विषाणू कर्करोग करत नाही. त्याला साथ लागते ती आनुवंशिकतेची, धूम्रपानाची आणि चिनी पद्धतीनं खारवलेल्या माशांची. हे मासे तिकडे लहान मुलांनाही भरवत असत.

याच विषाणूनं रोग लवकर ओळखण्याची वाटही दाखवली. गाठीतल्या पेशी मरतात, तेव्हा विषाणूच्या डीएनएचे तुकडे रक्तात उतरतात. हाँगकाँगच्या डॉक्टरांनी कसलाही त्रास नसलेल्या वीस हजारांवर पुरुषांचं रक्त तपासलं. ज्यांच्या रक्तात हे तुकडे पुन्हा सापडले, त्यांची दुर्बिणीनं आणि एमआरआयनं तपासणी केली. ३४ जणांना कर्करोग निघाला. २०१७ साली हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. त्या ३४ जणांपैकी सुमारे सत्तर टक्के रुग्ण पहिल्या-दुसऱ्या टप्प्यात होते. एरवी तिथे जेमतेम वीस टक्के रुग्ण इतक्या लवकर सापडत. हा फरक जीव वाचवणारा आहे, कारण हा रोग किरणोपचाराला चांगली दाद देतो आणि सुरुवातीला सापडला तर बहुतेक रुग्ण बरे होतात.

आपल्याकडे सर्वांनी ही रक्ततपासणी करून घ्यावी, असं मी सांगणार नाही. रोग विरळ असेल तिथे तिचा उपयोग थोडा. पण लक्षणं ओळखणं आपल्या हातात आहे. मानेत न दुखणारी गाठ येते. मोठ्या माणसाच्या एकाच कानाला दडा बसतो, तो सर्दी गेली तरी सुटत नाही. एकच नाकपुडी चोंदलेली राहते, शेंबडातून रक्त येतं. बहुतेकदा कारण साधंच निघतं. तरीही असा त्रास दोन-तीन आठवडे टिकला, तर कानात तेल घालत बसू नका. कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे जा आणि ‘नाकाच्या मागेही दुर्बिणीनं बघता का?’ असं स्वतःहून विचारा. विचारायला संकोच करू नका.