दूरची कणगी, जवळचा डबा



वर्षाचे धान्य कणगीत भरून ठेवावयाचे आणि आठवड्यापुरते डब्यात काढून घ्यावयाचे, ही आपल्या घरांतील जुनी रीत. संगणकीय माहितीच्या साठवणीलाही आज हीच रीत लागू पडते.

एखादे रुग्णालय घ्या. सीटी स्कॅनच्या चित्रांचा साठा तेथे वर्षानुवर्षे वाढतच जातो. सारा साठा आवारातील यंत्रांवर ठेवावा, तर जागा पुरत नाही. सारा क्लाऊडमध्ये, म्हणजे दूरच्या भाड्याच्या भांडारात ठेवावा, तर रुग्ण समोर असताना जुन्या चित्राची वाट पाहावी लागते. म्हणून काही जवळ, काही दूर, अशी मिश्र व्यवस्था रूढ झाली. पण कोणते कोठे ठेवावयाचे?

जिम ग्रे आणि फ्रँको पुट्झोलू यांनी १९८७ साली यासारख्याच प्रश्नाचे एक गमक सांगितले. जी माहिती दर पाच मिनिटांत पुन्हा लागते, ती चकतीवरून वारंवार आणण्यापेक्षा संगणकाच्या स्मृतीतच ठेवणे स्वस्त पडते. पुढे किमती बदलल्या, तसा आकडाही बदलला; तत्त्व मात्र टिकले. माहिती किती मोलाची, यापेक्षा ती किती वेळा लागते, यावर तिची जागा ठरते.

वाहतुकीचा हिशेबही ध्यानात घ्यावा. सेकंदास एक गिगाबिट वाहून नेणारी तार अखंड चालली, तरी शंभर टेराबाइट साठा हलविण्यास नऊ दिवसांहून अधिक काळ लागतो. यावर उपाय आहेत. एकाच प्रवाहाऐवजी अनेक प्रवाह समांतर सोडावेत. माहिती दाबून लहान करावी. आणि सगळी संचिका पुन्हा न पाठविता बदललेला भागच पाठवावा. १९९६ साली आलेल्या ‘आरसिंक’ या आज्ञावलीने हेच साधले. परंतु काचतंतूतून प्रकाश सेकंदास सुमारे दोन लक्ष किलोमीटरच धावतो. अंतराचा तो विलंब पैसे मोजूनही टळत नाही.

तेव्हा खरी युक्ती वेगापेक्षा दूरदृष्टीत आहे. उद्या तपासणीस येणाऱ्या रुग्णांची यादी आजच तयार असते. त्यांची जुनी चित्रे रात्रीच, तार मोकळी असताना, जवळच्या साठ्यात आणून ठेवली, तर सकाळी डॉक्टरांना थांबावे लागत नाही. दहा वर्षे कोणी न मागितलेले चित्रही अशा वेळी कणगीतून डब्यात यावयास हवे. आणि काम झाल्यावर त्याने पुन्हा कणगीत जावे. मागील मागणीची मोजदाद यंत्र करील. उद्याची गरज मात्र ज्याचे काम आहे, त्यानेच यंत्रास सांगावयाची असते.